तलावाकाठचा उन्हाळा



शिरूर नावाची गावे आपल्या महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. पुणे जिल्ह्यात घोडनदीच्या काठी एक आहे, बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे, आणि आमच्याच लातूर जिल्ह्यात अहमदपूरकडे शिरूर ताजबंद आहे. त्यामुळे आमच्या शिरूरला पूर्ण नाव सांगितल्याशिवाय ओळख मिळत नाही. मी शिरूर अनंतपाळचा. परगावी कोणाला नुसते 'शिरूर' म्हणून सांगितले, की समोरचा लगेच पुणे-नगर रस्त्याच्या गोष्टी काढतो, आणि मग मला अर्ध्या वाटेत त्याला मागे वळवून मराठवाड्यात आणावे लागते.

आज बोलायचे आहे ते उन्हाळ्याविषयी. आता मराठवाड्यातल्या माणसाने उन्हाळ्याविषयी बोलायचे म्हणजे काय, तर कपाळाला हात लावूनच बोलायचे, अशी आपली एक समजूत झाली आहे. ती अगदीच खोटी नाही. त्याकडे मी येणारच आहे. पण गेली पंधरा-सोळा वर्षे मी घरून कॉलेजात सायकलवर जातो-येतो, आणि त्या वाटेचा बराच भाग तलावाच्या कडेने आहे. त्यामुळे चैत्र-वैशाखाशी माझी जी ओळख झाली, ती घरात पंख्याखाली बसून झाली नसती. कॉलेजातल्या माझ्या सहकाऱ्यांना मी अजून सायकलवर येतो याचे थोडे हसू येते. प्राध्यापकाने किमान मोटारसायकल तरी घ्यावी असा संकेत आहे. माझ्याकडे ती आहे. पण ती उन्हाने तापली, की तिच्यावर बसणे म्हणजे तव्यावर बसणे. सायकलही तापतेच, पण ती झाडाच्या बुंध्याला टेकवून ठेवता येते. मोटारसायकलला तेवढी नम्रता नसते.

आमच्या तालुक्यात साकोळचा आणि घरणीचा असे दोन तलाव आहेत. सरकारी दप्तरात त्यांना 'मध्यम प्रकल्प' म्हणतात. गावातला कोणीही माणूस 'आज प्रकल्पावर गुरे नेली होती' असे म्हणत नाही; तो तळ्यावर म्हणतो किंवा धरणावर म्हणतो. नावाचीही एक गंमत असते पाहा. आमच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात कंधारला राष्ट्रकूटांच्या काळातला, म्हणजे हजार वर्षांहून जुना तलाव आहे. त्याचे नाव जगत्तुंग समुद्र. तलावच, पण नाव दिले समुद्र! खरा समुद्र ज्यांच्यापासून शेकडो मैल दूर, त्या मुलखातल्या माणसांना साठवलेल्या पाण्याचे किती अप्रूप असेल, ते या एका शब्दात दिसते. आमच्या तलावांना कोणी समुद्र म्हटले नाही. पण भरलेल्या वर्षी, श्रावणात, सांडव्यावरून पाणी पडायला लागले, की सबंध तालुका ते बघायला लोटतो, बायका ओटी घेऊन येतात, आणि फोटो काढणारांची तर जत्राच भरते.

मी मात्र तलाव पाहावा तो उन्हाळ्यातच, असे म्हणेन. सकाळी साडेसहाला मी निघतो. त्या वेळी ऊन अजून अंगावर आलेले नसते. गावाबाहेर पडले, की पहिली गाठ पडते ती कडुलिंबांच्या ओळीची. पाडव्याच्या आगेमागे हे लिंब मोहरतात आणि पहाटे त्या मोहराचा असा काही मंद वास सुटतो, की ज्या झाडाचे पान आपण वर्षाच्या पहिल्या दिवशी तोंड वाकडे करून खातो, त्याच झाडाचे हे फूल आहे यावर विश्वास बसत नाही. मोटारगाडीतून जाणाराला हा वास मिळत नाही आणि चालणाराला तो मिळतो खरा, पण एकाच झाडाचा. सायकलवाल्याला एकामागून एक वीस झाडांचा मिळतो. मग ज्वारी काढून मोकळी झालेली शिवारे, बांधावर कडब्याच्या गंजी, आणि त्यापुढे एक लहानसा उतार. या उतारावर मी पायडल मारीत नाही. तो सगळा मिळून पाऊण मिनिटाचा असेल. पण चाळिशी ओलांडलेल्या माणसाला कोणी फुकट काही द्यावे असे जे मोजके प्रसंग उरतात, त्यांतला तो एक आहे.

उतार संपला की तलाव. पौष-माघात जिथे पाणी होते, तिथे आता तडकलेली, चौकटी-चौकटींची काळी माती असते. पाणी जसजसे मागे हटते, तसतसे लोक त्याच्यामागे जातात. ओल धरलेल्या गाळावर काकडी, टरबूज, खरबूज लावतात. याला आपल्याकडे गाळपेर म्हणतात. तिथले टरबूज बाजारातल्यासारखे टपोरे नसते, पण तोडून लगेच बांधावर फोडलेले टरबूज आणि चार दिवस ट्रकमधून हिंडून आलेले टरबूज यांत काय फरक असतो, ते सांगून कळायचे नाही. पाण्याच्या कडेला बगळे उभे असतात, पाणकावळे पंख उघडून वाळत बसलेले असतात, आणि टिटवी मात्र तुम्हाला पाहिल्याबरोबर सबंध तलावाला वर्दी देते.

या टिटवीची अंडी मी दोन-तीनदा पाहिली आहेत. घरटे असे नसतेच; उघड्या माळावर, खड्यांतच, खड्यांसारखीच ठिपकेदार अंडी. जुनी माणसे त्यांवरून पावसाचा अंदाज बांधतात: टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस जोराचा, खोलगट जागी घातली तर बेताचा. हा अंदाज कितपत खरा ठरतो यावर मी पैज लावणार नाही. पण टिटवीची दुसरी एक गोष्ट पक्षीतज्ज्ञांनी पाहून नोंदवलेली आहे आणि ती मला त्याहून मोलाची वाटते. ऐन उन्हात ती पाण्यावर जाते, पोटाची पिसे भिजवते, आणि ओल्या पोटाने येऊन अंड्यांवर बसते. पिसांतले पाणी उडते आणि उडता उडता अंडी गार ठेवते. आपण माठाला ओले फडके गुंडाळतो ना, तेच. टिटवीला ते कोणी शिकवले नाही.

ही पाणी उडण्याची गोष्ट ध्यानात ठेवा, श्रोते हो. मला पुन्हा तिच्याकडे यायचे आहे. त्याआधी थोडे सायकलविषयी बोलतो. नाहीतर ती बिचारी मला घेऊन जाते आणि मी बोलतो मात्र टिटवीबद्दल, असे होईल.

सायकलीचा मूळपुरुष जर्मनीत जन्मला. कार्ल ड्राइस नावाच्या गृहस्थाने १८१७ साली मानहाइम शहरात दोन चाकांची एक लाकडी गाडी चालवून दाखवली. तिला पायडल नव्हते. बसायचे आणि पायाने जमीन मागे ढकलत पळायचे. आता हे त्याला सुचले का, याबद्दल काही अभ्यासकांचा एक तर्क आहे. १८१५ साली इंडोनेशियात तांबोरा नावाचा ज्वालामुखी फुटला, त्याची राख आभाळात इतकी पसरली की पुढल्या वर्षी, १८१६ साली, युरोपात उन्हाळा असा झालाच नाही. पिके बुडाली, घोड्यांना दाणा-वैरण मिळेना, घोडे मेले. तेव्हा बिनवैरणीचे वाहन हवे, म्हणून ही गाडी. सगळेच हा तर्क मान्य करतात असे नाही. पण मला तो पटावासा वाटतो, कारण वैरण नसली म्हणजे काय होते हे आपल्याला कोणी पुस्तकातून समजावून द्यायला नको. त्यांच्याकडे उन्हाळा आला नाही म्हणून दुष्काळ पडला, आपल्याकडे तो जात नाही म्हणून पडतो, एवढेच.

पुढे १८८५ साली स्टार्ली नावाच्या इंग्रज कारागिराने दोन्ही चाके जवळजवळ सारखी आणि मागच्या चाकाला साखळी अशी सायकल बाजारात आणली. आज तुमच्या-आमच्या दारात उभी असते ती हीच. १८८८ साली डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेचे टायर करून बसवले आणि बसणाराची हाडे वाचली. त्याच १८८८ साली आपल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. त्या दुकानातून पुढे कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर आला, १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. तेव्हा आपल्या शेतातल्या लोखंडी नांगराचे मूळ सायकलच्या दुकानात आहे, हे शाळेतल्या मुलांना जरूर सांगावे. त्यांना गंमत वाटते.

आमच्या रस्त्यावर, फाट्याजवळ, एक पंक्चरचे दुकान आहे. दुकान म्हणजे चार खांब आणि वर पत्रा. मालक माझ्याहून वयाने मोठे आहेत. मी त्यांना मामा म्हणतो आणि ते मला 'सर' म्हणतात. बाभळीच्या काट्याने वर्षाकाठी दहा-बारा वेळा तरी माझी त्यांची गाठ घालून दिलेली असते. पंक्चर काढताना मामा ट्यूब फुगवतात आणि एका घमेल्यातल्या पाण्यात थोडी-थोडी बुडवत नेतात. भोक असेल तिथून बुडबुडे येतात. बस्स. या घमेल्यातले पाणी हे माझ्यापुरते आमच्या भागाच्या पाणीटंचाईचे मोजमाप आहे. दिवाळीत ते स्वच्छ असते. होळीच्या सुमाराला गढूळ होते. मे महिन्यात त्याचा रंग सांगण्यासारखा नसतो, पण मामा ते ओतून देत नाहीत. एकदा मी सहज म्हणालो, "मामा, आता तरी पाणी बदला." ते ट्यूब फिरवता फिरवता म्हणाले, "बदलूत की सर. पर बुडबुड्याला काय, घाण पाण्यातबी येतंय. प्यायचं पाणी ह्येच्यात कशाला घालू?" मी गप्प बसलो.

सायकलवाल्यांसाठी मामांची एक सूचना इथे सांगून टाकतो. उन्हाळ्यात सकाळी गारव्याला चाकात दाबून हवा भरू नये, आणि भरलीच तर सायकल दुपारभर उन्हात ठेवू नये. हवा तापली की ट्यूबमधला दाब वाढतो, आणि जुने ठिगळ किंवा टायरची खिळखिळी कड नेमकी तेव्हा दगा देते. परीक्षेच्या हंगामात दुपारी दोनच्या सुमाराला आमच्या कॉलेजच्या आवारात असा एखादा बार होतोच. नवीन पर्यवेक्षक दचकतात.

आता त्या उडणाऱ्या पाण्याकडे येतो.

माठातले पाणी गार का होते, ते आपण सगळेच मुलांना शिकवतो. माठाच्या अंगातून पाणी पाझरते, बाहेर आले की उडून जाते, आणि उडताना माठातली उष्णता घेऊन जाते. सायकलवर घामाने भिजलेल्या पाठीला वारा लागतो आणि एकदम बरे वाटते, तेही याच नियमाने. तलावाच्या काठावरून जाताना पहाटे जी झुळूक अंगाला गार लागते, तिच्यातही हाच व्यवहार आहे. मला पुष्कळ वर्षे हे फार सुंदर वाटायचे. माठ गार, पाठ गार, टिटवीची अंडी गार. पण माठाला जे गार करते तेच तलावाला खाते, हा हिशेब मी कधी केला नव्हता.

तो हिशेब एका शिक्षकमित्रामुळे झाला. त्यांनी शाळेच्या अंगणात पाण्याने भरलेली परात ठेवली, आत एक पट्टी उभी केली, आणि रोज सकाळी एकाच वेळी मुलांकडून मोजून घेतले. मे महिन्यात परातीतले पाणी रोज साधारण चौदा मिलिमीटर उतरत होते. वेधशाळेत यासाठी चार फूट व्यासाचे आणि दहा इंच खोल गोल पात्र असते. परात त्यापेक्षा उथळ आणि लवकर तापणारी, म्हणून तिच्यातले पाणी जास्त उडते. आणि कोणत्याही पात्रातले पाणी तलावापेक्षा जास्तच उडते. मोठ्या तलावासाठी साधारण सात दशांश धरावे, असा ठोकळ नियम आहे. सगळे वजा करून, आपण तलावातून दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडते असे धरू. एक सेंटिमीटर म्हणजे किती? करंगळीच्या नखाएवढे. त्याचे काय घेऊन बसलात, असे कोणीही म्हणेल. मीही म्हणालो होतो.

पण एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर पाण्याचा पृष्ठभाग घ्या. त्यावरून एक सेंटिमीटर पाणी गेले, म्हणजे एक लाख लिटर गेले. एका दिवसात. कोणी प्यायले नाही, कोणत्या पिकाला मिळाले नाही, कोणी चोरलेही नाही.

आता २०१६ सालची आठवण काढतो. त्या उन्हाळ्यात लातूर जिल्ह्यातली बहुतेक धरणे तळाला गेली होती. लातूर शहराला पाणी देणारे मांजरा धरण कोरडे पडले. पाणवठ्यावर भांडणे होऊ नयेत म्हणून मार्च महिन्यात शहरात जमावबंदी लावावी लागली. आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाणी घेऊन रेल्वेगाडी लातूरला आली. पहिल्या गाडीला दहा डबे होते, प्रत्येकात पन्नास हजार लिटर. एकंदर पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास डब्यांच्या गाड्या आल्या, पंचवीस लाख लिटरच्या. देशभर त्याचे फोटो छापून आले. ज्यांनी ते काम केले त्यांचे उपकार आम्ही लातूरकर विसरणार नाही. पण परातीचा हिशेब त्या गाडीला लावून पाहा. पहिल्या गाडीने जेवढे पाणी आणले, तेवढे साडेबारा एकर तळ्यावरून एका दिवसात उडून जाते. पन्नास डब्यांची गाडी म्हणजे बासष्ट एकरांवरचा एका दिवसाचा उन्हाचा घास. आमचे तलाव भरलेल्या वर्षी किती पसरतात ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी पुढचा गुणाकार करावा.

त्याच वर्षीची एक गोष्ट आहे. ती सांगावी की नाही याचा मी बराच विचार केला. कारण तीत माझे चुकले आहे.

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला माझ्या वर्गात एक मुलगी होती. आठ-नऊ किलोमीटरवरच्या एका वाडीहून सायकलवर यायची. आठवीत असताना शासनाकडून मुलींना मिळाली होती, तीच सायकल. आमची वाट काही अंतर एकच होती, त्यामुळे कधी कधी ती मला मागे टाकून पुढे जायची, आणि पुढे जाताना 'नमस्कार सर' म्हणून घंटी वाजवायची. हुशार होती. होळीनंतर ती वर्गात येईनाशी झाली. मी हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजर लिहीत गेलो. पंधरा दिवस लिहिले. तोंडी परीक्षेला आली नाही, तिथेही लिहिले. मनात म्हणालो, लग्न ठरले असेल. आमच्याकडे मुलगी यायची थांबली, की आम्ही मास्तर लोक हे एक कारण मनाशी धरतो आणि मोकळे होतो.

एप्रिलात एके सकाळी ती मला रस्त्यात दिसली. सायकल तीच. पण कॅरिअरला आडवी काठी बांधलेली, काठीला दोन्ही बाजूंना दोन-दोन घागरी, आणि हँडलला एक डबा अडकवलेला. ती सायकल हातात धरून, जपून ढकलत चालली होती. मी थांबलो. विचारले, "कॉलेजला का येत नाहीस?"

"पाणी आनूलालेय सर. आमच्याकडचा बोअर गेला. ह्या हिरीवरून तीन खेपा कराव्या लागतेत. मायची कंबर धरलीय."

"अगं, मग सायकल आहे ना तुझ्याकडे?" मी बोलून गेलो. हा माझा प्रश्न.

ती हसली. सायकलकडे बघून म्हणाली, "सायकल हाय, पर बसायला जागा कुठंय सर?"

चार घागरी म्हणजे साठ लिटर, म्हणजे साठ किलो. तीन खेपा केल्या की सकाळचे दहा वाजतात. आमचे तास साडेसातला सुरू होऊन अकराला संपत. तिची हजेरी लागणे शक्यच नव्हते, आणि माझ्या हजेरीपटात 'गैरहजर' या शब्दाखेरीज दुसरा रकाना नव्हता. रकाना नव्हता हे खरे. पण विचारायला कोणी मना केले होते? रोज त्याच रस्त्याने मी जात होतो, लिंबाच्या मोहराचा वास घेत होतो. पाण्याची ओढाताण सगळीकडे आहे हे मला वर्तमानपत्रातून ठाऊक होते. माझ्या हजेरीपटात ती आहे, हे ठाऊक नव्हते.

त्यानंतर आम्ही दोघा-तिघांनी मिळून दुपारी चार वाजता, ऊन उतरल्यावर, लांबून येणाऱ्या मुलांसाठी तास घ्यायला सुरुवात केली. आठ-दहा मुले-मुली येत. घागरी खाली उतरवून मोकळ्या झालेल्या सायकली दाराबाहेर उभ्या असत. फार मोठे काही केले असे नाही. तिचे त्या वर्षीचे दोन पेपर राहिलेच, ते तिने पुढल्या वर्षी दिले. सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस असा कोसळला की ज्या धरणांत मुले क्रिकेट खेळत होती ती भरून वाहिली, आणि वर्तमानपत्रांनी रेल्वेगाडीच्या जागी सांडव्यांचे फोटो छापले. आपली स्मरणशक्तीही पाण्यासारखीच असते. ऊन लागले की भराभर उडते.

याला उपाय काय, असे तुम्ही विचाराल. पाण्यावर सेटिल अल्कोहोल नावाच्या मेणासारख्या पदार्थाचा अगदी पातळ थर पसरून पाण्याचे उडणे कमी करता येते, असे प्रयोग पुष्कळ ठिकाणी झाले. पण वारा सुटला की तो थर फाटतो आणि एका काठाला जाऊन साचतो. गुजरातेत २०१२ साली एका कालव्यावर सूर्यशक्तीच्या पट्ट्यांचे छप्पर घातले. वीजही मिळते, सावलीही होते. ते चांगलेच आहे, पण खर्चाचे. आपल्या हातातली गोष्ट साधी आहे. उन्हाला पाण्याची खोली दिसत नाही, फक्त पसारा दिसतो. तेवढेच पाणी परातीत ठेवले तर लवकर उडते आणि घागरीत ठेवले तर टिकते. आमचे तलाव वर्षानुवर्षांच्या गाळाने घागरीचे परात होत चालले आहेत. २०१७ पासून महाराष्ट्रात गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आली. तलावातला गाळ काढायचा आणि शेतकऱ्याने तो आपल्या रानात टाकायचा. मला शासनाच्या बऱ्याच योजनांची नावे पाठ होत नाहीत, पण ही झाली, कारण तीत तलावाचे आणि रानाचे दोघांचेही भले एकाच खेपेत होते. उन्हाळ्यात तलावात ट्रॅक्टरांची रांग दिसली, की माझी सायकल धुळीने माखते आणि मला त्याचे काही वाटत नाही. फक्त गाळ काढणाराने मुरमापर्यंत खोल जाऊ नये. तळाचा चिकण थरच उकरून टाकला, तर पाणी वरून उडायच्या ऐवजी खालून जाईल.

उसाबद्दलही बोलायला हवे. पण त्यावर बोलू लागलो, तर माझे निम्मे श्रोते आत्ताच रेडिओ बंद करतील आणि उरलेले निम्मे पत्रे लिहितील. शिवाय दुपारी परतताना फाट्यावरच्या रसवंतीत मी स्वतः ग्लासभर रस पितो, चाकाच्या घुंगरांचा आवाज ऐकत, लिंबू पिळून, बर्फ न घालता. तेव्हा तो विषय एखाद्या निःस्पृह वक्त्यासाठी ठेवलेला बरा.

गेल्या वर्षी ती मुलगी, आता बाई म्हणायला हवे, दाखला न्यायला कॉलेजात आली होती. स्कूटीवर. कडेला तिची चार वर्षांची लेक. बाहेर माझी सायकल पाहून म्हणाली, "सर, आजूनबी सायकलच का?" मी म्हटले, "हो. आणि तुझी कुठे आहे?" म्हणाली, "हाय की. माय वापरतीय." कशाला वापरते, ते मी विचारले नाही, तिनेच सांगितले. नळाला आता एक दिवसाआड पाणी येते, सायकलवर माय शेळ्यांसाठी पाला आणते.

यंदाच्या रोहिणीत काय होते ते बघू. पंचवीस मेच्या सुमाराला रोहिणी लागते, त्यानंतर दोन आठवड्यांनी मृग. परवा मामांनी घमेल्यावर गोणपाट टाकून ठेवलेले पाहिले. मी कारण विचारले, तर म्हणाले, "तुमीच सांगितलंत की सर, उडतंय म्हनून."

आता गुरुजनांना एक विनंती करतो आणि थांबतो. तुमच्या शाळेच्या अंगणात एक परात ठेवा. उथळ असली तरी चालेल, पण कडा सरळ असाव्यात. सावलीत नको, भिंतीला चिकटून नको. पट्टी तळाला टेकवून उभी बांधा आणि रोज सकाळी सात वाजता मुलांकडून पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. मोजून झाले की परात पुन्हा पहिल्या खुणेपर्यंत भरा. दहा दिवस पुरेत. गावातल्या तळ्याचे क्षेत्र तलाठ्यांकडून विचारून घ्या आणि गुणाकार मुलांनाच करू द्या. आलेला आकडा एका पोस्टकार्डावर, शाळेचे व गावाचे नाव घालून, या केंद्राच्या पत्त्यावर पाठवा. परातीवर तारेची जाळी मात्र जरूर टाका. नाहीतर चिमण्या-कावळे येऊन पितात आणि हिशेब चुकतो. त्यांच्यासाठी पलीकडे, सावलीत, दुसरे एक भांडे भरून ठेवा.